खुराड्याची पत्रं: औषधाआधी कोंबडी हातात घ्या

या वेळची बरीचशी पत्रं एकाच वाक्याने सुरू होतात: “कोंबडी अंडी देत नाही, कोणतं औषध देऊ?” पत्रात कोंबडीचं वय असतं, जात असते, ती काय खाते तेही असतं. फक्त तिला उचलून बघितल्याचं कुठेच नसतं. मी पशुवैद्य आहे आणि माझ्यासमोर कोंबडी आली की मी आधी तिचं वजन करते, छातीचं हाड चाचपते, गळ्याखालची अन्नपिशवी दाबून बघते, मग शेपटी वर करून खालचा भाग बघते. याला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि यातलं सगळं तुम्हाला घरी करता येतं. म्हणून खालच्या उत्तरांत मी तुम्हाला पुन्हा पुन्हा कोंबडी हातात घ्यायला सांगणार आहे.

प्रश्न: माझ्याकडे सहा कोंबड्या आहेत, सगळ्या दीड वर्षाच्या. दिवस लहान व्हायला लागल्यापासून अंडी कमी होत गेली आणि आता एकही मिळत नाही. खुराड्यात पिसंच पिसं पडलेली असतात. दोघींच्या मानेची कातडी उघडी पडली आहे. खाणंपिणं ठीक आहे. ओळखीच्या एकाने अंडी वाढवायची पावडर आणून दिली आहे. देऊ का?

पावडर देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या कोंबड्या आजारी नाहीत, त्या पिसं बदलताहेत.

अंडी घालायचा हंगाम कोंबडीला उजेडावरून कळतो. हा उजेड ती फक्त डोळ्यांनी घेत नाही. कवटीतून आत पोहोचणारा उजेडही तिच्या मेंदूतल्या पेशी टिपतात. दिवसाला 14 ते 16 तास उजेड मिळाला की अंडाशय जोमाने काम करतो. दिवस आखडत गेला की काम मंदावतं आणि शरीर जुनी पिसं टाकून नवी घ्यायला लागतं. पीस म्हणजे जवळजवळ 85 टक्के प्रथिनं. अंगभर नवी पिसंही उगवायची आणि अंडीही घालायची, एवढं त्या शरीराला झेपत नाही. म्हणून ते अंडी थांबवतं. आधी डोकं, मग मान, छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपटी, असा साधारण क्रम असतो. तुमच्याकडे मानेपर्यंत गाडी आली आहे. पूर्ण व्हायला दोन ते तीन महिने लागतात. काही कोंबड्या भराभर उरकतात, काही रेंगाळतात.

आता खात्री करून घ्या. संध्याकाळी त्या दांडीवर बसल्या की एकेकीला अलगद उचला, डोकं तुमच्या काखेकडे आणि शेपटी समोर अशी धरा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली दोन बारीक, टोकदार हाडं लागतात. अंड्यावरच्या कोंबडीत या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसतात, अंडी थांबलेली असली तर एखादंच बोट जेमतेम मावतं. अंडी देणारीचं गुदद्वार रुंद, ओलसर आणि फिकट असतं. थांबलेलीचं आखडलेलं आणि कोरडं. पिवळ्या पायांच्या जातींमध्ये आणखी एक खूण मिळते. अंडी घालताना पिवळा रंग बलकात जातो, म्हणून अंगावरचा रंग उतरत जातो: आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्यांच्या कडांचा, चोचीचा आणि सगळ्यात शेवटी पायांचा. अंडी थांबली की त्याच क्रमाने तो परत येतो.

ही तपासणी मोकळं फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत तर फार उपयोगी पडते. गुदद्वार ओलसर, हाडं फाकलेली, तुरा लालभडक आणि तरी अंडी घालायच्या खोक्यात अंडं नाही, म्हणजे ती अंडं दुसरीकडे कुठेतरी झुडपात लपवून घालते आहे. अशा वेळी दोन-चार दिवस सगळ्यांना दुपारपर्यंत बंदिस्त ठेवा, उत्तर मिळेल.

पिसं बदलताना प्रथिनं जास्त असलेलं खाद्य द्या, 18 ते 20 टक्क्यांचं. दाणे कमी करा. नवी पिसं बाहेर येताना त्यांच्या मुळाशी रक्त असतं, दाबलं की दुखतं, म्हणून या काळात मुलांना त्यांना सारखं उचलू देऊ नका. दिवा लावून अंडी चालू ठेवता येतात, मोठ्या फार्मवर तेच करतात. पण घरच्या सहा कोंबड्यांसाठी मी ते सुचवणार नाही. ही सुट्टी त्यांच्या अंडनलिकेला आणि हाडांना हवी असते. ज्यांना दिवा लावायचाच आहे त्यांनी पहाटे लावावा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी तो एकदम विझला की कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात अडकतात.

एक मात्र बघून ठेवा. फक्त पाठच उघडी पडली असेल तर कोंबडा किंवा टोचणाऱ्या मैत्रिणी, आणि फक्त गुदद्वाराभोवतीची पिसं खराब झाली असतील तर किडे, हे आधी तपासायचं. आणि पिसं बदलणारी कोंबडी मलूल दिसली तरी खाते. खाणं सोडलं असेल तर कारण वेगळं आहे.

प्रश्न: पाच कोंबड्या आहेत. शिंपल्यांचा चुरा खाद्यात कालवून देतो, तरी सगळ्यांच्या अंड्यांची कवचं पातळ. त्यातली एक तर मधूनमधून नुसत्या पापुद्र्याचं अंडं घालते, तेही रात्री दांडीवरूनच खाली पडतं. तयार खाद्य देतोच, शिवाय मका आणि गहू त्यांना भरपूर असतो. आणखी काय द्यायचं?

आणखी काही द्यायचं नाही, मका आणि गहू कमी करायचा.

बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण 24 ते 26 तास जातात. त्यातले तीनेक तास पांढरं चढायला, तासाभराहून थोडं जास्त पापुद्र्यांना आणि जवळजवळ 20 तास एकट्या कवचाला. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून रोज अंडं घालणाऱ्या कोंबडीच्या पोटात 4 ग्रॅमच्या आसपास जायला हवं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं आणि कोंबडी दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे हिशेब बसतो. अर्धं पोट मक्याने भरलं की तो मोडतो, कारण मक्यात कॅल्शियम नसल्यासारखंच आहे आणि प्रथिनंही आठ-नऊ टक्केच. कोंबडीला मका आवडतो, ती आधी तोच वेचते. दाणे द्यायचेच तर संध्याकाळी मूठभर, सगळ्यांत मिळून.

शिंपले खाद्यात कालवू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. प्रत्येकीची गरज वेगळी असते आणि गरज असेल ती आपणहून जाऊन खाते. पीठ नको, जाडसर तुकडे हवेत. कवचाचं बरंच काम रात्री चालतं, तेव्हा ती काही खात नसते. दुपारनंतर खाल्लेले जाड तुकडे गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या पोटात) रात्रभर हळूहळू विरघळत राहतात, पीठ मात्र लवकर पुढे निघून जातं. कमी पडलं तर ती हाडांतून काढते. अंडी सुरू व्हायच्या आधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत खास या कामासाठी जाळीदार हाड तयार होतं. ती शिल्लक रोज भरली गेली नाही तर पुढे छातीचं हाड वाकतं, पायांतला जोर जातो. कवच पातळ येणं ही त्याची पहिली सूचना आहे, म्हणून मला ते क्षुल्लक वाटत नाही.

तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण उन्हाळ्यात पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगते: कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात ती खातेही कमी. अशा दिवसांत शिंपले कितीही ठेवलेत तरी सावली आणि गार पाण्याशिवाय कवच सुधारणार नाही. एरवी पाव लिटरच्या आसपास पाणी पिणारी कोंबडी उन्हात दुप्पट पिते. भांडं दोन ठिकाणी ठेवा, कारण दांडगी कोंबडी एका भांड्यावर पहारा देते आणि दुबळी तहानलेली राहते.

पापुद्र्याचं अंडं घालणारीकडे वेगळं बघा. खाद्य सुधारल्यावर तीन-चार आठवड्यांत बाकीच्यांची कवचं सुधारली आणि हिची नाही, तर तिच्या कवचग्रंथीतच बिघाड असण्याची शक्यता आहे. तिला डॉक्टरांना दाखवा. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेचं, म्हणजे कोवळ्या कोंबडीचं, पहिलं-दुसरं अंडं मऊ आलं तर मात्र काळजी नको. आणि तुमच्याकडे पिल्लं असतील तर अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य त्यांना घालू नका; इतकं कॅल्शियम वाढत्या पिल्लांची मूत्रपिंडं बिघडवतं.

प्रश्न: डॉक्टरताई, माझी तलंग गेली. आदल्या दिवसापासून कोपऱ्यात उभी होती, शेपटी खाली पाडून, पेंग्विन उभा राहतो तशी. सारखी खोक्यात जायची, कुंथायची, बाहेर यायची. शेजारच्या काकांनी पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न केला. ते आतच फुटलं. दुसऱ्या दिवशी ती मेली. पुन्हा असं झालं तर काय करायचं?

तुमची तलंग गेली याचं मला फार वाईट वाटलं. काकांनी मदतीसाठीच केलं हे मला कळतं, तरी हे सगळ्यांसाठी स्पष्ट लिहिते: अडकलेलं अंडं बाहेरून दाबून काढायचं नाही. आत फुटलेल्या कवचाच्या कडा अंडनलिका चिरतात, आतलं सगळं पोटात सांडतं आणि जंतुसंसर्ग होतो.

अंडं अडकलं की काम तासांच्या हिशेबाने करायचं, कारण 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो. आधी खात्री करा. हात धुऊन, पातळ हातमोजा घालून, बोटाला खाद्यतेल किंवा जेली लावून बोट गुदद्वारात सरळ आणि अगदी हळू घाला. अंडं असेल तर दोनेक इंचांवर कठीण गोल लागतं. काहीच लागलं नाही तर पुढे खुपसू नका. उभं राहण्याची हीच तऱ्हा पोटात पाणी झालेल्या किंवा बलक पोटात सांडलेल्या कोंबडीचीही असते आणि तिला थेट दवाखान्यात न्यायला हवं.

अंडं लागलं तर एका टबात हाताला छान उबदार वाटेल इतपत गरम पाणी घ्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे कोमट पाणी तिला गारच लागतं. पण चटका बसेल असंही नको. पोट आणि शेपटीचा भाग बुडेल अशी तिला 15-20 मिनिटं धरून ठेवा. बहुतेक कोंबड्या या पाण्यात शांत होतात, काही तर डोळे मिटतात. मग नीट कोरडी करा, गुदद्वाराच्या कडेला तेल लावा आणि उबदार, अंधाऱ्या, शांत जागी एकटी ठेवा. तासाभराने बघा. पाणी पीत असेल तर जवळ ठेवा, चोच उघडून ओतू नका. घरी कॅल्शियमचं पातळ औषध असेल तर किती द्यायचं ते फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं, त्याच्या कमतरतेनेच कित्येकदा अंडं अडकतं. दोनदा शेक देऊनही अंडं आलं नाही, किंवा कोंबडी डोकं टाकायला लागली, तर वाट बघत बसू नका. दवाखान्यात कॅल्शियमचं इंजेक्शन देता येतं, एक्स-रे काढता येतो आणि वेळ पडली तर सुईने अंड्यातलं द्रव ओढून ते कवच काळजीपूर्वक काढता येतं.

तलंगांमध्ये हे होण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांना फार लवकर अंड्यावर आणणं. शरीर पुरतं वाढायच्या आधी जास्त उजेड आणि अंड्यावरचं खाद्य मिळालं की अंडं सुरू होतं, पण वाट अरुंदच असते. दुसरं कारण चरबी. तलंगांच्या पोटाखाली हात घालून बघा. घट्ट गोळा लागत असेल तर दाणे बंद.

प्रश्न: कोंबडीच्या मागून लाल मांसासारखं काहीतरी बाहेर आलंय. बाकीच्या त्यावर टोचताहेत.

आत्ता लगेच तिला वेगळी करा, पत्राचं उत्तर वाचायच्याही आधी. एका कोंबडीने टोचून रक्त काढलं की बाकीच्या थांबत नाहीत आणि आतडी बाहेर ओढेपर्यंत टोचतात.

अंडं घालताना अंडनलिकेचा शेवटचा भाग प्रत्येक वेळी क्षणभर बाहेर येतो आणि आत जातो. अंड्याला विष्ठा लागू नये अशी ती रचना आहे. मोठं अंडं, चरबी, कमी कॅल्शियम किंवा कोवळं वय यांमुळे कधीकधी तो आत परत जात नाही. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने (लिटरला दोन लहान चमचे सपाट, त्याहून जास्त नाही) हलकेच धुवा. सूज असेल तर साखरेचं दाट पाणी किंवा मध लावून दहा मिनिटं थांबा, सूज उतरते. मग तेल लावलेल्या हातमोज्याच्या बोटाने कडेकडेने आत सरकवा. आत अंडं आहे का ते आधी बघा. भाग काळा पडला असेल, फाटला असेल किंवा आत घालूनही पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर टाका घालावा लागतो, ते घरचं काम नाही. त्यानंतर काही दिवस तिला अंधाऱ्या जागी ठेवून उजेड आठ तासांवर आणा. उद्देश एकच, अंडी थांबवायची. बरी झालेली कोंबडी पुढच्या मोठ्या अंड्याला पुन्हा याच दुखण्यात सापडू शकते, तेव्हा तिच्यावर लक्ष असू द्या.

प्रश्न: मी नववीत आहे. माझी कोंबडी तीन आठवडे खोक्यातून उठत नाही. हात लावला की फुगते आणि ओरडते. खाली अंडी नाहीत. आजी म्हणते गार पाण्यात बुडव.

ती खुडूक झाली आहे. तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलंय, त्यामुळे तिला उबवायचंच आहे, खाली अंडं असो वा नसो. उबवलेलं अंडं 21 दिवसांत फुटतं, पण तिच्याखाली काहीच नाही, म्हणून ती थांबत नाही. आजीला सांग, गार पाण्याने ती फक्त घाबरते. तळाला जाळी असलेला पिंजरा दोन विटांवर उचलून ठेव, खालून हवा खेळली पाहिजे. उजेडात ठेव, आत गवत किंवा भुसा नको, खाणं आणि पाणी मात्र भरपूर. तीन ते पाच दिवसांत ती शांत होते. अंडी परत यायला दोन-तीन आठवडे लागतील. तिला पिंजऱ्यात ठेवण्याआधी उचलून छातीचं हाड चाचपून बघ. बसून बसून वाळली असेल तर ते सुरीच्या पात्यासारखं हाताला टोचेल. पंखांखाली आणि शेपटीखाली पिसं फुंकर मारून बाजूला कर आणि उवा-किडे शोध. बसून राहणाऱ्या कोंबडीवर ते फार वाढतात.

प्रश्न: कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडून खातात.

बहुतेक वेळा सुरुवात अपघाताने होते: पातळ कवच, कमी भुसा, अंडं फुटतं, चव कळते. तेव्हा वर कवचाबद्दल लिहिलंय ते आधी वाचा. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका हवा, तो अंधारा हवा आणि अंडी दिवसातून दोन-तीनदा उचलली पाहिजेत. लाकडाची किंवा चिनी मातीची खोटी अंडी ठेवली की टोचून टोचून काहीजणी सोडून देतात. मुरलेल्या सवयीला उतरत्या तळाचा खोका हाच खरा उपाय आहे, अंडं घातलं की घरंगळून झाकणाखाली जातं. अंड्यात तिखट भरून ठेवायचा सल्ला पुष्कळजण देतात. कोंबडीला तिखट आपल्यासारखं झोंबत नाही, त्यामुळे त्यात तथ्य नाही. टरफलं खायला घालायला हरकत नाही, फक्त वाळवून बारीक चुरून घाला.

प्रश्न: आठवड्याभरात अंडी एकदम बंद. दोन कोंबड्या शिंकतात, एकीची मान वाकडी झाली आहे, हिरवट पातळ शिट. एक मेली. उरलेल्या विकून टाकू का?

नाही. कृपा करून एकही कोंबडी हलवू नका, विकू नका, कापू नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं मानमोडीची (राणीखेत रोगाची) असू शकतात आणि बर्ड फ्लूचीही. बघून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणीच लागते. सरकारी पशुवैद्यकांना आजच कळवा. मेलेल्या कोंबडीला उघड्या हातांनी हात लावू नका, नाकातोंडावर मास्क बांधा, खुराड्यातली चप्पल खुराड्यातच ठेवा, मुलांना लांब ठेवा. मानमोडीचा विषाणू माणसाच्या डोळ्यांना त्रास देतो, तोही सहसा सौम्य. बर्ड फ्लू मात्र माणसाचा जीव घेऊ शकतो. मानमोडीवर उपचार नाही, लस आहे, आणि ती निरोगी कोंबड्यांनाच आधी द्यायची असते. तुम्ही कोंबड्या विकल्यात तर ज्याच्याकडे जातील त्याचं खुराडंही रिकामं होईल.

बाकी वाचकांसाठी: एका कोंबडीची अंडी थांबली तर त्या कोंबडीत कारण शोधा, सगळ्यांची थांबली तर उजेड, पाणी, खाद्य आणि संसर्ग यांत शोधा. संसर्गाच्या खुणा अंड्यावरही दिसतात. सुरकुतलेलं, वेडंवाकडं कवच आणि पाण्यासारखं पांढरं ही संसर्गजन्य ब्राँकायटिस या श्वसनाच्या रोगाची खूण; हा रोग अगदी लहान पिल्लाला झाला तर अंडनलिका कायमची बिघडते आणि मोठी झालेली कोंबडी धडधाकट दिसूनही कधी अंडं घालत नाही. 1976 साली पहिल्यांदा नोंदला गेलेला एग ड्रॉप सिंड्रोम तर कोंबडीला आजारी पाडतच नाही: तपकिरी अंड्यांचा रंग उडतो, मग कवच मऊ होतं, मग अंडी घटतात.

प्रश्न: संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला नको म्हणतात. तुरे फिकट पडलेत, अंडी कमी झालीत. अंगावर किडे दिसत नाहीत.

दिवसा दिसणारच नाहीत. लाल माइट नावाचे बारीक किडे दिवसा खुराड्याच्या फटींत, दांडीच्या टोकांच्या खाचेत लपतात आणि रात्री वर चढून रक्त पितात. अंधार पडल्यावर दोन तासांनी बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं कापड ओढा. कापडावर लाल डाग उमटले तर निदान झालं. कोंबडीचं हरवलेलं रक्त हेच फिकट तुऱ्याचं कारण.

उपचार कोंबडीपेक्षा खुराड्यावर करायचा. सगळं बाहेर काढा, भुसा जाळा, दांड्या काढून फटींत उकळतं पाणी ओता, घासा, फटी बुजवा. उबदार हवेत त्यांची नवी पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, म्हणून हे दर आठवड्याला, निदान महिनाभर करावं लागतं. खुराडं रिकामं ठेवून ते मरतील या भरवशावर राहू नका. ते रक्ताविना कित्येक महिने तग धरतात. कुत्र्यांच्या मानेवर टाकायचे गोचिडांचे थेंब कोंबडीला लावू नका. त्यांतल्या अनेकांत फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं आणि ते अंड्यात उतरतं. 2017 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या फार्मवर माइट मारण्यासाठी ते वापरलं गेलं आणि युरोपात लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. अंड्यावरच्या कोंबड्यांना चालणारं औषध डॉक्टरांकडून घ्या आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते त्याच वेळी विचारून लिहून ठेवा. जंतांच्या औषधालाही हाच नियम.

प्रश्न: आमची कोंबडी सहा वर्षांची आहे. दोन वर्षं अंडी नाहीत, ते चालतं, ती घरातलीच आहे. पण आता पोट फुगून लोंबतं आणि चालताना धाप लागते. लोक म्हणतात, अंडी न देणारीवर खर्च कशाला.

लोकांना बोलू द्या. तिने शरीर झिजवून अंडी दिली आहेत. तिच्या रानटी पूर्वजांच्या माद्या वर्षाला दहा-पंधरा अंडी घालायच्या. अंड्यांसाठी निवडून तयार केलेल्या आजच्या जाती 300 च्या आसपास घालतात. म्हातारपणी अंडाशयाचा आणि अंडनलिकेचा त्रास एवढ्या कोंबड्यांना होतो त्यामागे हे मोठं कारण आहे. अंडाशयाचा कर्करोगही कोंबड्यांमध्ये आपोआप आणि बऱ्याच प्रमाणात होतो.

पोट चाचपून बघा. पाण्याची पिशवी हलल्यासारखं लागतं की पिठाच्या गोळ्यासारखं, हे डॉक्टरांना सांगा. पाणी असेल तर सुईने काढता येतं आणि धाप त्याच दिवशी कमी होते, पण एका वेळी सगळं काढत नाहीत, एकदम काढलं तर ती कोसळू शकते. घरी सुई लावू नका. पाणी कशामुळे झालंय हे सोनोग्राफीत कळतं. बलक सांडून जंतुसंसर्ग झाला असेल तर प्रतिजैविकांचा उपयोग होतो आणि अंडाशय गप्प ठेवणारं संप्रेरकाचं रोपणही काही ठिकाणी करतात. गाठ असेल तर बरं होणं नाही, आराम तेवढा देता येतो.

तोवर दांडी जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा, तिला उडी मारावी लागू नये. पाणी आणि खाद्य जवळ ठेवा, मागची पिसं कापून भाग कोरडा ठेवा, नाहीतर माश्या अंडी घालून अळ्या पडतात. रोज सकाळी, खाण्याआधी, तिचं वजन करा आणि लिहा. पोट वाढतंय आणि छातीचं हाड मात्र जास्त जास्त उघडं पडतंय असं झालं, तिने खाणं सोडलं, किंवा बसल्या जागीही धाप लागायला लागली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तिला त्रास न होता निरोप देण्याबद्दल मोकळेपणाने विचारा.